मंगळवारी पळणारं मीटर

४ जानेवारी

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. पैकी निम्मे तुला, निम्मे करडीला.

आम्ही सुखरूप पोहोचलो. तुझ्या मामेभावाचं घर नवव्या मजल्यावर आहे. जुळी नातवंडं पाळी लावून रडतात. एक दमलं की दुसरं कामावर रुजू होतं. एप्रिलपर्यंत आमचा मुक्काम इथेच. तोवर घर तुझं, कुंड्या तुझ्या आणि करडीही तुझीच. घरोघर जाऊन लोकांचे आखडलेले सांधे हलवायची तुझी नवी नोकरी, आणि तिला स्वतःची गाडी हवी अशी अट, हे कळताच मी क्षणाचाही विचार न करता आपल्या करडीची किल्ली तुझ्या हातावर ठेवली, ते तू पाहिलंस. त्यानंतर तीन दिवस मला जेवण गेलं नाही, ते तू पाहिलं नाहीस.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली, त्यावरून सांगतो, गोष्ट कागदावर आली की खरी. म्हणून लिहून देतो आणि तूही उत्तर लेखीच दे.

सकाळी किल्ली फिरवलीस की आधी दहा आकडे मोज. चालू झाली नाही तर रागावू नकोस, खाली उतर, बॉनेटवर हात फिरव, परत बस. हसू नकोस, करून बघ. वायपर हवा असेल तर दिवे लावावे लागतात. हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजतो, तेव्हा कोणाला हाक मारायचीच असेल तर थोडं डावीकडे वळ. पेट्रोल सोमवारी आणि गुरुवारी भरायचं, टाकी निम्मी असली तरी. का, ते विचारू नकोस.

मीटर मंगळवारी आणि शुक्रवारी चार किलोमीटर जास्त पळतं. माझ्या वहीत अठरा वर्षांची नोंद आहे, शंका असेल तर बघून घे. यंत्रालाही स्वभाव असतो. त्याच दोन दिवशी ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकते आणि आरसा खाली वाकतो. दोन्ही गुपचूप जागेवर आणायचं. किल्ली माझ्या पलंगाच्या उशाशी खुंटीवर असते, तिथेच ठेवत जा.

घरात पुढच्या फाटकातून शिरायचं आणि मागच्या फाटकातून बाहेर पडायचं. मागच्या फाटकाला तेल घालायचं नाही. ते किरकिरतं म्हणून चोर कळतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. रिव्हर्स गिअर फार नाजूक आहे. तो वापरायचा नाही. शोरूममधून आणली तेव्हापासून तसाच जपलाय. तू माझ्याच हाताखाली गाडी शिकलीस, तेव्हा तुला हे माहीत आहेच, पण पुन्हा सांगतो. करडी मागे जात नाही. पुढे जाणाऱ्याला सगळे रस्ते मोकळे असतात.

तुझा,
मामा

ता.क. टिटवे, पत्ता मी लिहिते म्हणून यांची पाकिटं माझ्या हातून जातात. बॉनेटवर हात फिरवून काही होत नाही. बॅटरीची डावी तार ढिली आहे, ती दाबायची. — मामी


१५ जानेवारी

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा साष्टांग. गाडीखाली आडवी होऊन ऑईल कुठून गळतंय ते बघत होते, तेव्हाच घालून घेतला.

गाडी आल्यापासून माझे नातेवाईक वाढलेत. ज्या चुलत आत्यांना मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं, त्यांना अचानक माझ्याच रस्त्याला जायचं असतं. शेजारचे निवृत्त मास्तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन कंपाउंडच्या भिंतीशी उभे राहतात आणि टायरमध्ये हवा कमी आहे असं सांगतात. मी हवा भरून आले की म्हणतात, आता जास्त झाली. कोणाचं तरी मांजर बॉनेटवर झोपतं आणि मी किल्ली फिरवली की काचेतून माझ्याकडे असं बघतं, जणू गाडी त्याची आणि मी भाडेकरू.

हॉर्नचं तुम्ही म्हणालात ते खरंच. परवा उजवीकडे एक सायकलवाला आडवा आला. मला ओरडावं लागलं, आणि तुम्ही मला टिटवी का म्हणता ते त्याला न सांगता कळलं.

पण मामा, खरी अडचण वेगळीच आहे. तीन महिने मला चाचणीवर घेतलंय. मार्चअखेर कायम करतील नाहीतर नारळ देतील. दिवसाला सात पेशंट, आणि प्रत्येकाकडे ठरल्या वेळी पोहोचायचं. तुमच्या नियमाने मागे जायचं नाही म्हटल्यावर मी पार्किंगमध्ये शिरायच्या आधी बाहेर कसं पडायचं याचा विचार करते. दवाखान्याच्या आवारात एक माणूस माझ्यापुढे गाडी लावून गेला. मी पाऊण तास त्याची वाट बघत बसले. त्या वेळात एका आजोबांचा गुडघा तसाच राहिला. आमच्या विभागाच्या बाई, ज्यांच्या हातात माझी नोकरी आहे, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते उलटं दिसत होतं, पण बरं नव्हतं.

एखाद्या वेळी, अगदी थोडा, दोन हात, रिव्हर्स वापरला तर चालेल का?

तुमची,
टिटवी


२२ जानेवारी

चि. टिटवी,

नाही.

सोबत शहराचे तीन नकाशे पाठवतो आहे. नऊ दिवसांचं काम होतं, पण नातवंडांनी दर चाळीस मिनिटांनी उठवल्यामुळे पाच दिवसांत झालं. निळ्या रेघा म्हणजे आरपार रस्ते, आत शिरलो की दुसरीकडून निघता येतं असे. लाल फुल्या म्हणजे बंद बोळ. तिथे पाय टाकायचा, चाक नाही. आणि हिरवे बाण म्हणजे उतार. हिरवे बाण ही माझ्या आयुष्याची कमाई आहे. जिथे गाडीच्या मागच्या बाजूला उतार आहे, तिथे गिअर काढायचा, ब्रेक हळूच सोडायचा, आणि करडी स्वतःच्या मर्जीने मागे येते. त्याला मागे घेणं म्हणत नाहीत, मागे येऊ देणं म्हणतात. तुझी लायसन्सची परीक्षा आपण पाण्याच्या टाकीखालच्या रस्त्यावर का दिली, ते आता तुझ्या लक्षात येईल. साहेब म्हणाले, जरा मागे घ्या, आणि तू घेतलीस. मी झाडामागे उभा होतो. माझे डोळे भरून आले होते.

तुझ्या मामेभावाच्या गाडीत मागचं दाखवणारा पडदा आहे. मागे काही आलं की ती टीं टीं करते. माणसाचा स्वतःच्या मानेवर विश्वास राहिला नाही. मी त्याला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, बाबा, एकदा बसून बघा. मी म्हटलं, मला गरज नाही.

मामा

ता.क. लाल फुल्यांना घाबरू नकोस. बंद बोळातल्या लोकांचेही गुडघे दुखतात. — मामी


९ फेब्रुवारी

ती. मामांना,

नमस्कार. वाईट बातमी आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना हसता येईल.

मला लेखी समज मिळाली आहे. चार वेळा उशीर. पाचव्यांदा झाला तर चाचणी संपायचीही वाट बघणार नाहीत. आणि वीस मार्चला बाई स्वतः माझ्या गाडीत बसून दिवसभर माझ्याबरोबर फिरणार आहेत. त्या दिवसाच्या यादीत पहिलं नाव शिंपीकाकांचं आहे. हे काका बंद बोळाच्या अगदी टोकाला राहतात. तुमच्या नकाशात तिथे एक नाही, तीन लाल फुल्या आहेत.

आजवर मी गाडी हमरस्त्यावर ठेवून, अठरा किलोचं मशीन खांद्याला लावून चालत जायचे. काकांचा खांदा बरा होईपर्यंत माझा जाईल अशी अवस्था होती. म्हणून मागच्या सोमवारी मन घट्ट केलं आणि गाडी बोळात घातली. आत जाताना राणीसारखी गेले. काम संपवून बाहेर आले तर पुढे भिंत, डावीकडे भिंत, उजवीकडे काका. हिरवा बाण नाही. उतार होता, पण भिंतीकडे.

बोळाच्या तोंडाशी एका ओट्यावर चार पेन्शनर रोज कॅरम खेळतात. मी तिथे जाऊन म्हटलं, गाडीचा रिव्हर्स नाजूक आहे, काय करू? चौघांनी स्ट्रायकर खाली ठेवला. मग ते चौघे, काकांच्या घरची तिघं, समोरचा सुतार, टपाल टाकायला आलेले गृहस्थ आणि मी अशा दहा जणांनी मिळून करडीला मागून उचललं आणि पाव पाव फूट करत फिरवलं. बावीस मिनिटं लागली. शिंपीकाका सांगूनही ऐकेनात, त्यांनीही दुखऱ्या हाताने टेकू दिला, आणि मामा, त्यांचा खांदा त्या दिवशी प्रथमच कानाच्या वर गेला. वैद्यकीय दृष्ट्या हे मी कुठे लिहू?

पण वीस तारखेला बाई गाडीत असताना गाडी उचलून घेता येणार नाही. म्हणून आज करडीला मिस्त्रीकडे नेलं आणि म्हटलं, काय लागेल ते कर, पण हा गिअर दुरुस्त कर. त्याने वर चढवली, उघडली, तासभर आत डोकं घालून बसला. बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "ताई, याला काय झालंय? ठणठणीत आहे. नुसता ठणठणीत नाही, हाताळलेला आहे. वापर नसलेला गिअर अडखळतो. हा बघा कसा अलगद पडतो. वर्षानुवर्षं कोणीतरी नेमाने वापरलाय."

मी म्हटलं, शक्यच नाही. तो म्हणाला, "मामांनी मला या गिअरला कधी हात लावू दिला नाही. पण मी मिस्त्री आहे, मला दात दिसतात."

आणखी एक. महिन्याभरात सीट एकदाही पुढे सरकली नाही. आरसा वाकला नाही. आणि मंगळवारी-शुक्रवारी मीटर अगदी सरळ चालतं. मी मुद्दाम मोजलं.

मामा, काय प्रकार आहे? मला ही नोकरी हवी आहे. सात वर्षं शिकून मिळालेली पहिली नोकरी आहे, आणि मला ती आवडते. लोक मला बघून हात वर करून दाखवतात.

टिटवी


१४ फेब्रुवारी

चि. टिटवी,

हे पाकीट मी स्वतः चिकटवलं आहे आणि पत्ताही स्वतः लिहिला आहे. टपालखात्याला वाचता आला तर तुझं नशीब.

रिव्हर्स नाजूक नाही. मला येत नाही.

लिहून टाकलं. आता जरा पाणी पिऊन येतो.

लग्नाआधीची गोष्ट आहे. खात्याची जीप होती आणि मी नवा होतो. एका माळावर मोजणी चालली होती, साहेबांनी नवंकोरं यंत्र तीन पायांच्या तिकाटण्यावर उभं केलं होतं, आणि मला म्हणाले, जीप जरा मागे घ्या. मी घेतली. ते यंत्र परदेशातून चौदा महिन्यांनी आलं होतं आणि चार सेकंदांत गेलं. साहेब तेव्हा झाडाआड गेले होते. मी घाबरून सांगितलं की बैल आला आणि धडकला. त्यावर चौकशी बसली. सहा पानी अहवाल झाला, बैलाचं वर्णन मीच लिहिलं, आणि ते इतकं चांगलं वठलं की आसपासच्या तीन मालकांनी तो आपला नाही असं लिहून दिलं. त्या दिवसापासून मागे बघत गाडी चालवायची म्हटली की मला त्या यंत्राचा आवाज ऐकू येतो आणि पाय थिजतो.

करडी घेतली तेव्हा वाटलं होतं, शिकेन हळूहळू. मग वाटलं, गरज काय? मागची भिंत पाडून फाटक बसवलं, लोकांना सांगितलं हवा खेळती राहावी म्हणून. उतार शोधले. नकाशे काढले. एवढ्या कष्टात माणूस विमान शिकला असता. लोक मात्र म्हणायला लागले, अठरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही, असा ड्रायव्हर होणे नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या मुठीत तुझी नोकरी सापडली, तेव्हा मूठ उघडतो. मी तुला अर्धीच गाडी शिकवली, पोरी. त्याची मला लाज वाटते.

एखाद्या चांगल्या शिकवणीला जा आणि वीस तारखेच्या आत शीक.

मिस्त्री वापराबद्दल जे म्हणाला ते मनावर घेऊ नकोस. धातू चांगला असेल.

एकच मागणं. मामीला हे कळता कामा नये. ती मला ड्रायव्हर समजते.

मामा


१५ फेब्रुवारी

टिटवे,

यांनी पाकीट स्वतः चिकटवलं, म्हणजे आत काहीतरी आहे हे उघडच झालं. किटलीच्या वाफेवर पाकीट दोन मिनिटांत सुटतं. परत चिकटवलं आणि पत्ता वाचता येईल असा वरून गिरवला. त्यांचं पत्र आणि हे एकदमच तुझ्या हाती पडेल.

त्यांना रिव्हर्स येत नाही हे मला अठरा वर्षं माहीत आहे. हवेसाठी कोणी मोटार जाईल एवढं भोक पाडतं का भिंतीला?

आता माझं ऐक. माझ्या वडिलांचा दुधाचा टेम्पो होता. डेअरीची गल्ली अशी चिंचोळी की आत तोंड करून गेलं तर कॅन उतरवता येत नसत. उलटंच जावं लागे. मी सोळाव्या वर्षापासून तो टेम्पो उलटा आत घालत होते. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा असायची. कॅनमधलं दूध हललं तर वडील बोलायचे, म्हणून हलू द्यायचं नाही.

लग्नानंतर ते सगळं राहिलं. मग यांनी करडी आणली. पहिल्याच दिवशी दार उघडून धरलं आणि म्हणाले, "बस, आता तुला मी फिरवीन." चेहरा असा फुलला होता की माझ्या ओठावर आलेलं मी गिळलं. म्हटलं, राहू दे. पण टिटवे, दारात गाडी उभी आणि हातात चाक नाही, हे सोसवत नाही गं. हे दुपारी दोनला आडवे होतात. मंगळवार आणि शुक्रवार मी ठरवून घेतले. उशाशी हात घालून खुंटीवरची किल्ली अलगद काढायची. मागचं फाटक यांच्या खिडकीखालीच आणि किरकिरतं मेलं, म्हणून पुढच्या फाटकातूनच गाडी उलटी बाहेर काढायची. नदीच्या पुलापर्यंत जायचं, दोन किलोमीटर. कठड्याशी गाडी उभी करायची, काच खाली करायची, आणि पाच मिनिटं काहीही करायचं नाही. कोणाला काही वाढायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही. मग परत. सीट मागे सरकवायचं मला कधी आठवत नसे. त्यांनी त्याचं यंत्राच्या स्वभावात काय काय लिहून ठेवलं ते वाचून मला नातवंडाच्या दुपट्यात तोंड खुपसून हसावं लागलं.

शिकवणीला कशाला जातेस? मी सांगते.

अंगणात पत्र्याचे चार रिकामे डबे मांड. करडीपेक्षा हातभर जास्त रुंदीवर. मागे जाताना मागे बघ. ऐकायला सोपं वाटतं, पण लोक पुढे बघत मागे जातात आणि मग आपटतात. एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाक, कोणी आपलं माणूस बसलंय असं समजून. त्याने मान आपोआप वळते आणि जीवही शांत राहतो. चाक थोडं फिरव, वेळ भरपूर घे. बाहेर उभं राहून कोणी "या, या, येऊ द्या" म्हणत असेल तर त्याच्याकडे चुकूनही बघू नकोस. गाडी आपटली की तो नाहीसा होतो. पुढच्या सीटच्या खाली दुधाने भरलेलं भांडं ठेव. ज्या दिवशी दूध सांडणार नाही, त्या दिवशी तू तयार झालीस.

यांना यातलं काही कळवू नकोस. अठरा वर्षं मजेत चाललंय.

मामी


२२ मार्च

ती. मामा आणि मामी,

नमस्कार. हे पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, आणि लिहिताना प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचार करते आहे की हे कोणाला माहीत आहे आणि कोणाला माहीत असून नाही. मागे घेण्यापेक्षा हे अवघड आहे. चूक झाली तर दोघांनीही समजून न घेता सोडून द्या.

तर, मामा म्हणाले होते तसा गिअरचा बंदोबस्त झाला. कसा झाला ते नको विचारायला. पाच आठवडे झाले, मी रोज पहाटे अंगणात आहे. पहिल्या आठवड्यात डबे इतके आडवे केले की शेजारच्या मास्तरांनी भिंतीवरून विचारलं, भांड्यांचा धंदा काढलात का? मांजराला मात्र काय ते आधी कळलं. गाडीतल्या गालिच्यावर काहीतरी सांडतं हे त्याच्या लक्षात आलं आणि ते रोज वेळेवर हजर राहू लागलं. मागच्या मंगळवारी ते आलं, आत डोकावलं, गालिचा कोरडा बघितला, आणि माझ्याकडे पाठ करून निघून गेलं. तेव्हा मला कळलं की मी तयार झाले.

वीस तारखेला बाई बसल्या. पर्स मांडीवर, वही पर्सवर. बोळाच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. ओट्यावरच्या चौघांनी करडी बघितली, स्ट्रायकर खाली ठेवला आणि बाह्या सरसावून उठले. मी म्हटलं, नको काका, आज बसा. त्यांचे चेहरे पडले.

मग मी एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला. तिथे बाई होत्या, त्या दचकल्या. मी मागे बघितलं आणि करडी उलटी आत घेतली. बोळ साठ पावलांचा आहे. डाव्या बाजूला सुताराच्या फळ्या, उजव्या बाजूला कोणाची तरी वाळत घातलेली चादर. शिंपीकाका दारात उभे राहून दोन्ही हात वर करून "या, या" करत होते. दोन्ही हात, मामा. बाईंनी ते वहीत लिहिलं. मी मात्र काकांकडे बघितलं नाही. गाडी थांबवली तेव्हा डिकी बरोबर त्यांच्या उंबऱ्यासमोर होती. मशीन खाली घेतलं ते थेट त्यांच्या घरात.

दिवसभर एकाही ठिकाणी उशीर झाला नाही. संध्याकाळी बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "एक विचारू? माझ्याकडे चार वर्षं गाडी आहे. मी अजून मागे घेत नाही. ऑफिसच्या आवारात सकाळी सातला येते ते त्यासाठीच, कडेची जागा मिळावी म्हणून. तुम्ही कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "घरीच."

एक तारखेपासून मी कायम. तुम्हा दोघांमुळे झालं. दोघांमुळे म्हणजे कसं, ते मी लिहिणार नाही.

तुमची,
टिटवी


२८ मार्च

चि. टिटवी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, तेव्हा जुळी दोन्ही एकदम गप्प झाली. शाबास. करडीलाही शाबास सांग.

हे पाकीट मी स्वतः चिकटवलं आहे. कारण एक गोष्ट अजून राहिली आहे.

मी दुपारी झोपत नाही. म्हणजे बाकीच्या दिवशी झोपतो, पण मंगळवारी आणि शुक्रवारी, एक पहिली वेळ सोडली तर, अठरा वर्षांत एकदाही झोपलो नाही.

पहिल्या वेळी खरंच डोळा लागला होता. उशाशी हात आला, किल्ली वाजली, मी जागा झालो. म्हटलं, बघू काय करते. थोड्या वेळाने अंगणातून आवाज आला. करडी मागे जाताना एक वेगळाच आवाज करते, बारीक, वर चढत जाणारा, तुला आता माहीत आहे. तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. माझ्या गाडीचा आवाज आणि मला ओळखू येईना. एका दमात फाटकाबाहेर. ना धक्का, ना थांबणं. मी उशीत तोंड घालून पडून राहिलो आणि मला इतका आनंद झाला की मला माझाच राग आला.

विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्हीही घ्या की मागे. मग माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून गप्प बसलो. तिला पेट्रोल कमी पडू नये म्हणून सोमवारी आणि गुरुवारी टाकी भरत गेलो. वहीत मीटरचा स्वभाव लिहीत गेलो, न जाणो कधी वही तिच्या हाती लागली तर तिला वाटावं की याला काही कळलेलं नाही. आणि मागच्या फाटकाला तेल घातलं नाही. चोरासाठी नव्हे. तेल घातलं असतं तर ती सरळ मागच्या फाटकाने पुढे निघून गेली असती, आणि मला तो आवाज ऐकायला मिळाला नसता.

ती कुठे जाते ते मला माहीत नाही. चार किलोमीटरमध्ये काय काय येतं ते नकाशात पाहून ठेवलं आहे, पण विचारलं नाही. एकदा तिच्याबरोबर जावं असं फार वाटतं. कसं म्हणावं ते कळत नाही. अठरा वर्षं झोपलेला माणूस एकदम उठून बसला तर बरं दिसत नाही.

सोमवारी, सहा तारखेला आम्ही परत येतो आहोत. तू कृपा करून मंगळवारी दुपारी कामावर असावंस. किल्ली खुंटीवर ठेव.

मामा

ता.क. पाकीट चिकटवलेलं होतं. किटली गरमच होती.

टिटवे, हे खरे झोपले की घोरतात. आधी बारीक, मग भिंत हलेल असं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी किल्ली काढताना कधी घोरणं ऐकलं नाही. कधीच नाही. मलाही विचारायचं होतं, पण मग त्यांनी काय म्हटलं असतं, म्हणून मीही किल्ली हळूच काढत राहिले.

त्यांना तू काही सांगू नकोस, मीच सांगेन: मंगळवारी दोनला आडवं व्हायचं नाही, चपला घालून बसायचं. मागच्या फाटकाला तेल घालू नकोस, आम्ही पुढच्यानेच उलटे निघू. अठरा वर्षं मी शेजारच्या रिकाम्या सीटवर हात टाकून गाडी मागे घेतली आहे. आता तिथे ते बसू देत. — मामी